अंबादास मास्तरांची दहा मिनिटं

श्रावणातला तिसरा रविवार. वेळ संध्याकाळी पाच वाजून सात मिनिटं. रक्कम पाचशे सुवर्णनाणी. हजर: अंबादास मास्तर, मोबाइल दुरुस्त करणारा इरफान, माझी मुलगी मृण्मयी आणि मी. ही नोंद मास्तरांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात आहे. खाली स्वयंपाकघरात मास्तरांच्या पत्नी राजेश्वरी वहिनी होत्या. त्यांचं नाव त्या नोंदीत नाही. ते मी इथे घालतो, कारण त्या त्या वेळी घरात होत्या आणि आम्हा चौघांना ते माहीत होतं.

सुवर्णनाणी खरी नव्हती. जकार्डच्या मागाला पुठ्ठ्याचे भोकं पाडलेले पत्ते लागतात. चादरीवर मोर उमटणार की कमळ, हे त्या भोकांवर ठरतं. भोक पाडताना पुठ्ठ्याची टिकलीएवढी चकती खाली पडते. कारखान्यात ती झाडून टाकतात. मास्तर ती पिशवीत भरून घरी आणायचे. आमच्या खेळात एक चकती म्हणजे एक सुवर्णनाणं.

मी एसटीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. गाडी किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली हे लिहिण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. मृण्मयी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना दर रविवारी दुपारी साखर पेठेत जायला लागली. विचारलं तर म्हणाली, ‘‘खेळायला.’’ काय खेळता, तर त्यात मंत्र असतात, विधी असतात, भुयारं असतात. माझी बायको घाबरली. ‘‘अमावस्या-बिमावस्या बघून बसतात का, तेवढं जाऊन बघून या,’’ म्हणाली. म्हणून मी गेलो.

लोखंडी जिन्यावरून वर गेलो. पत्र्याची खोली, मध्ये टेबल, टेबलावर आलेखाचा कागद आणि त्यावर शिसपेन्सिलीनं काढलेल्या खोल्या. साठीला टेकलेला, हडकुळा, पांढरा सदरा घातलेला एक माणूस काहीतरी वर्णन करून सांगत होता. माझ्याकडे न बघता त्यानं उजवा हात वर केला, तळवा माझ्या बाजूला.

‘‘थांबा की साहेब. दार अजून उघडलं न्हाय.’’

मी उघड्या दारात, पायात चपला, तसाच उभा राहिलो. मृण्मयी हसू दाबत म्हणाली, ‘‘बाबा, ते भुयारातलं दार म्हणतायत. तुम्ही या आत.’’ पण तो हात खाली येईपर्यंत मी आत गेलो नाही. त्या हातात तसं काहीतरी होतं. गाडी थांबवायला मी शिट्टी वाजवतो. मास्तरांना शिट्टी लागत नव्हती.

मास्तर चादरी आणि टॉवेलांची डिझाइनं काढायचे. घरी तेलुगू, बाहेर मराठी, कारखान्यात दोन्ही. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत हातानं नक्षी काढणारे शहरात आता दोन-तीनच उरले असतील, बाकी सगळं संगणकावर गेलं. त्यांचा मुलगा विनय नोकरीला पुण्याला गेला, तेव्हा कपाटात या खेळाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि फाशांची पिशवी सोडून गेला. मास्तरांनी पुस्तक उघडलं आणि त्यात आलेखाच्या कागदावर काढलेले नकाशे दिसले. ‘‘म्हटलं, हे तर आपलंच काम हाय की,’’ ते सांगायचे. शब्दकोश घेऊन दोन वर्षं बसले आणि सगळं पुस्तक मराठीत एका वहीत उतरवलं.

खेळ असा असतो. एक जण गोष्ट सांगतो आणि निवाडा करतो. ते मास्तर. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी असं करतो’ म्हणून सांगतात. जमलं की नाही ते फासा ठरवतो. मृण्मयीचं पात्र मंत्र जाणणारी अवंती. इरफानचा शमशेर नावाचा लढवय्या. मी आधी नुसता बघत बसायचो. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी माझ्यापुढे कागद सरकवला. ‘‘फुकट बसायचं न्हाय साहेब. पहारेकरी व्हा.’’ मी पहारेकरी झालो.

आता विधीबद्दल सांगायला हवं. अवंतीच्या कागदावर खेळातल्या दर दिवसाला शक्तीचे ठरावीक चौकोन असायचे. मंत्र म्हटला की एक चौकोन काळा करायचा. सगळे काळे झाले की झोपून उठेपर्यंत मंत्र बंद. पण काही मंत्रांपुढे पुस्तकात एक खूण असते. ते विधी म्हणून करता येतात. विधीला चौकोन जात नाही. त्याऐवजी दहा मिनिटं जास्त जातात. मंत्राची पोथी समोर हवी, लागणारं सामान जवळ हवं आणि मध्ये खंड पडला तर केलेलं सगळं वाया. लढाई चालू असताना विधी करता येत नाही, कारण दहा मिनिटं कोणी देत नाही.

मृण्मयीनं माझ्यादेखत पहिल्यांदा विधी केला तेव्हा म्हणाली, ‘‘मी विधी करते,’’ आणि मास्तर म्हणाले, ‘‘झाली दहा मिनिटं. दारामागं कोण हाय ते तुला कळलं.’’

मी घड्याळ बघितलं. ‘‘दहा मिनिटं कुठे झाली? अजून सव्वाचारच आहेत.’’

इरफान खो खो हसला. ‘‘साहब, ये बस स्टँड नहीं है.’’

मास्तर हसले नाहीत. चष्मा काढून पुसला. ‘‘साहेबांचं खरं हाय,’’ म्हणाले. पुढच्या रविवारी गेलो तर वहीत नवा नियम लिहिलेला होता. विधी चालू असताना टेबलाजवळच्या सर्वांनी खरी दहा मिनिटं बसायचं. करणाऱ्यानं डोळे मिटायचे. कोणी बोलायचं नाही, कोणी उठायचं नाही. कोणीही उठलं तरी विधी मोडला, पुन्हा शून्यापासून. घड्याळ साहेबांकडे.

इरफान कुरकुरला. ‘‘मास्टर, मेरेकू घंटेभर की छुट्टी है, उसमें दस मिनट चुप बैठना?’’

‘‘शक्ती लागत न्हाय म्हणून कायच लागत न्हाय असं हाय का?’’ मास्तर म्हणाले. ‘‘बसावं लागतंय की.’’

आणि आम्हाला ते आवडायला लागलं. आठवडाभर मी दर मिनिटाला कोणाला तरी उत्तर देत असतो. त्या पत्र्याच्या खोलीत दहा मिनिटं कोणी काही विचारायचं नाही. मृण्मयी डोळे मिटून बसायची, इरफान नखं बघायचा, मास्तर हात टेबलावर ठेवून सरळ बसायचे. मी घड्याळाकडे बघायचो आणि शेवटची पाच मिनिटं राहिली की बोटांनी दाखवायचो. पाच, चार, तीन. या वेळात खालून वहिनींचा पाट ओढल्याचा किंवा भांड्यांचा आवाज यायचा. पूर्वी त्या रोज हजार विड्या वळायच्या. कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी यायची. गुडघे धरायला लागले तसं त्यांनी ते सोडलं, पण बोलताना बोटं पान कापल्यासारखी चालायची. मला त्या ‘घड्याळवाले’ म्हणायच्या. संक्रांतीला सक्किनालू करायच्या, तांदळाच्या पिठाची, कडबोळ्यांच्या आतेबहिणीसारखी. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मोजून चार घेतली. त्या म्हणाल्या, ‘‘घड्याळवाले, खाताना तरी मोजू नका की.’’

मास्तर निवाड्याला कडक होते. माघात एका रविवारी शमशेर दगडी राक्षसाशी लढताना मेला. फासा इरफाननंच टाकला होता. टेबलावरून घरंगळून तो माझ्या पायाशी आला आणि एक पडला. ‘‘नीचे गिरा, गिनती में नक्को,’’ इरफान म्हणाला. याआधी एकदा खाली पडलेला फासा मास्तरांनी धरला होता, तेव्हा त्यात इरफानचा फायदा होता. मास्तरांनी वही काढून ती नोंद वाचून दाखवली. ‘‘तवा घेतला, आता बी घ्यायचा.’’ इरफान दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो एका गाढवाच्या मालकाचं पात्र घेऊन. ‘‘शमशेर वापस आने तक ये किराये का आदमी.’’

शमशेरला परत आणायचा मार्ग होता. परत बोलावण्याचा मंत्र मूळ पुस्तकात विधीच्या खुणेचा नाही, मास्तरांनी तो आमच्यापुरता विधी केला. त्याला पाचशे नाण्यांचा हिरा लागतो. विधी पुरा झाला तरी हिरा संपतो, मोडला तरी संपतो. त्या हिऱ्यासाठी आम्ही तेवीस रविवार भुयारं पालथी घातली. पाचशेवी चकती श्रावणात जमली. मास्तरांनी सगळ्या चकत्या मोजून स्टीलच्या वाटीत भरल्या आणि वाटी टेबलाच्या मध्ये ठेवली. हा हिरा.

पाच वाजून सात मिनिटांनी मृण्मयीनं डोळे मिटले. रविवार असल्यामुळे शेजारचे माग बंद होते. एरवी त्या गल्लीत मागांच्या खडखडाटात शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. त्या दिवशी सगळं ऐकू येत होतं.

पाच अकराला खालून हाक आली. ‘‘एमंडी.’’ तेलुगूत बायको नवऱ्याला अशी हाक मारते, आपल्या ‘अहो’सारखी. मास्तरांनी हात वर केला, तळवा जिन्याच्या दिशेनं. वहिनींना खालून तो हात दिसणार नव्हता. सवयीनं केला.

पाच बारा. पुन्हा हाक. या वेळी शब्द पुरा झाला नाही. ‘‘एम...’’ एवढंच, आणि ते जड, जिभेला काही चिकटल्यासारखं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. ते विचारत होते. मला ते कळलं होतं, हे मी इथे स्पष्ट लिहितो.

मी घड्याळाकडे बघितलं आणि हात वर करून पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं राहिली.

मास्तर बसून राहिले.

पाच तेराला खाली एक पातेलं पडलं आणि फरशीवर फिरत राहिलं. मृण्मयीनं डोळे उघडले. ‘‘काका, उठा. काकूंचा आवाज वेगळा आहे.’’ विधी सहाव्या मिनिटाला तिनं मोडला. आम्हा तिघांपैकी कोणी नाही.

वहिनी शेगडीपाशी पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात अंगाखाली. डोळे उघडे होते आणि जिन्याकडे लागलेले होते. इरफाननं त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षात घातलं. आम्ही दवाखान्यात पाच चोपन्नला पोचलो.

चौथ्या दिवशी मी डॉक्टरांना गाठून विचारलं की त्या दोन मिनिटांनी काय फरक पडला असता. त्यांनी मलाच विचारलं, ‘‘घरातून इथे यायला किती वेळ लागला?’’ मी सांगितलं, एक्केचाळीस मिनिटं. ते म्हणाले, ‘‘मग दोन मिनिटांचं काय घेऊन बसलात? लवकर आणलंत तुम्ही.’’ भला माणूस होता. पण माझं सगळं आयुष्य ज्या कामात गेलं त्यात दोन मिनिटं लिहावी लागतात. आणि त्या दोन मिनिटांत काय झालं असतं हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. त्यांनाही ते सांगता येणार नव्हतं.

घरी मृण्मयी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, ‘‘बाबा, दुसरी हाक तुम्ही ऐकली होती ना?’’

‘‘ऐकली होती.’’

‘‘मी पण ऐकली. मला वाटलं, माझे डोळे मिटलेत, कोणीतरी उठेल.’’ आणि पान तसंच टाकून उठली.

मास्तरांकडे जायला मला तीन आठवडे लागले. वहिनी घरी आल्या होत्या. खालच्या खोलीत खाटेवर होत्या. उजवी बाजू हलत नव्हती, बोलणं जवळजवळ गेलं होतं. मास्तर वाटीतली पेज चमच्यानं भरवत होते. मी दारात उभा राहिलो. हात वर होईल म्हणून थांबलो. तो झाला नाही.

‘‘या की,’’ एवढंच म्हणाले.

मी बसलो आणि जे पाठ करून गेलो होतो ते बोललो. खऱ्या दहा मिनिटांचा नियम मुळात माझ्या बोलण्यामुळे झाला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हा मी पाच बोटं दाखवली. चूक माझी आहे.

त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘‘नियम तुमचा, हात माझा, बोटं तुमची. वाटून घिऊन कमी व्हतंय का साहेब?’’

त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली.

‘‘तीस वर्षं कारखान्यात पोरांना सांगत आलो. धागा तुटला की माग थांबवा. तसंच पुढं विणलं की सगळी चादर बाद. माझ्याच घरात तुटला तर मी हात वर करून बसलो.’’

मग ते वहिनींकडे वळले आणि तेलुगूत बोलायला लागले. हळू, एकेक वाक्य. मला तेलुगू येत नाही. पण मध्येच त्यांनी स्वतःचा हात वर केला, तळवा पुढे. नंतर माझ्याकडे बोट केलं आणि पाच बोटं पसरून दाखवली. तेव्हा मला कळलं की ते वहिनींना सगळं सांगत होते. मला हे अपेक्षित नव्हतं. मी माफी मागायला आलो होतो, पण ती मास्तरांकडे. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मी निघालो तेव्हा मास्तर उंबऱ्यापर्यंत आले. ‘‘सांगायला पायजे होतं. तिला वाटत होतं, आमाला ऐकूच गेलं न्हाय.’’

व्यायाम शिकवणारी बाई आठवड्यातून तीनदा यायची. तिनं मुठीत दाबायला रबरी चेंडू दिला. वहिनींनी तो डाव्या हातानं ढकलून दिला. पुन्हा दिला, पुन्हा ढकलला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मास्तरांचा फोन आला. ‘‘पाच वाजता या. घड्याळ घिऊन या. पोरीला बी आणा.’’ इरफानलाही बोलावलं होतं.

वरच्या टेबलावरची वाटी खाली आली होती. पाचशे चकत्या तशाच. श्रावणापासून तिला कोणी हात लावला नव्हता. मास्तरांनी खाटेला लाकडी फळी लावली, तिच्यावर ती वाटी ठेवली आणि शेजारी एक रिकामी.

‘‘विधी मोडला. हिरा गेला,’’ ते आम्हाला म्हणाले. ‘‘पण त्याचं पैसं कुणाला दिलं? कुणालाच न्हाय. ते हिचं हाय. आमी चौघांनी हिला द्यायचं. ती घेणार, पर उजव्या हातानं. या वाटीतनं त्या वाटीत. दहा मिनिटं. साहेब घड्याळ लावतील. तळव्याला चिकटून आली ती धरायची न्हाय.’’

इरफान म्हणाला, ‘‘मास्टर, चाची बीमार है. इत्ता सख्त?’’

‘‘तिला विचार.’’

इरफाननं विचारलं. वहिनींनी वाटीकडे बघितलं आणि उजवा हात फळीवर ठेवायचा प्रयत्न केला. तो नुसता सरकला. मास्तरांनी तो उचलून वाटीपाशी ठेवला.

वहीत नियम बदलला होता. मास्तरांनी वाचून दाखवला. मध्ये कोणाचीही हाक आली तर उठायचं. परत येऊन राहिलेली मिनिटं पुढे मोजायची. शून्यापासून नाही.

पहिल्या रविवारी शून्य. दुसऱ्या रविवारी शून्य. तिसऱ्या रविवारी एक चकती अंगठा आणि बोट यांच्यात आली, वाटीच्या काठापर्यंत गेली आणि फळीवर पडली. ‘‘हा तो गिनो मास्टर!’’ इरफान ओरडला. मास्तरांनी चकती उचलून पहिल्या वाटीत परत टाकली. वहिनी कसल्यातरी आवाजात हसल्या. श्रावणानंतर पहिल्यांदा. चौथ्या रविवारी एक. पाचव्या रविवारी चार.

खेळ पुन्हा कधी झाला नाही. मृण्मयीनं एकदा विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, ‘‘वर चढवत न्हाय आता.’’ ते जिन्याबद्दल नव्हतं. त्यांचे पाय चांगले होते. मात्र एक गोष्ट मी बघितली. कोणाचीही हाक आली की ते उठायचे. दूधवाला, शेजारची पोरगी, गल्लीतून जाणारा भंगारवाला. भंगारवाला कोणाला हाक मारत नाही, नुसता ओरडत जातो. तरी ते दारापर्यंत जाऊन बघून यायचे. मी घड्याळ थांबवायचो. परत येऊन ते म्हणायचे, ‘‘कोण न्हाय. चालू करा.’’ एका दहा मिनिटांत ते सहा वेळा उठलेले मी लिहून ठेवलं आहे. आणि तो वर होणारा हात मला पुन्हा दिसला नाही.

दर रविवारचा आकडा मी सांगायचो आणि मास्तर लिहायचे. पौषात एकोणीस. माघात एका बैठकीत एकतीस. वहिनींना थोडे शब्द परत आले, काही तेलुगू, काही मराठी. नवऱ्याला हाक मारायचा शब्द आला नाही, किंवा त्या तो काढत नव्हत्या. काही हवं असलं की डाव्या हातानं खाटेच्या लोखंडावर टकटक करायच्या. मास्तर त्या आवाजाला चहाचा कप सांडून धावताना मी बघितले आहेत. वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. ‘घड्याळवाले’ हा शब्दही त्यांनी काढला नाही. मी जायचो, बसायचो, मोजायचो, यायचो.

फाल्गुनात विनय आला. आईवडिलांना पुण्याला घेऊन जाणार म्हणाला. मास्तरांनी फार वाद घातला नाही. फक्त विचारलं, ‘‘पाडव्यानंतर चालंल का? हितलं एक देणं राहिलंय.’’ विनयला वाटलं किराणा दुकानाची उधारी असेल. ‘‘मी देतो की अण्णा,’’ म्हणाला. मास्तर म्हणाले, ‘‘तुला जमायचं न्हाय ते.’’

शेवटचा रविवार चैत्रातला. सामानाची खोकी भिंतीशी लावलेली. पत्र्याच्या खोलीतले नकाशे मास्तरांनी मृण्मयीला दिले, फासे इरफानला. वही माझ्याकडे दिली. पहिल्या वाटीत चव्वेचाळीस चकत्या उरल्या होत्या. तोवरचा सर्वांत मोठा आकडा अडतीस होता. पाच वाजून दोन मिनिटांनी मी ‘चालू’ म्हणालो.

वहिनींनी पदर खोचला. हाताला अजून वेग नव्हता, पण हात चुकत नव्हता. अंगठा, तर्जनी, उचल, वाटी. कोणी बोलत नव्हतं. शेजारचे माग बंद होते. मी दोन्ही गोष्टी बघत होतो, काटा आणि वाटी. नऊ मिनिटं झाली तेव्हा दहा राहिल्या होत्या. दहा मिनिटं पुरी झाली तेव्हा सहा राहिल्या होत्या.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. तसंच, श्रावणातल्यासारखं.

‘‘साहेब, वेळ?’’

मी घड्याळ काढून तळहातात उलटं धरलं. ‘‘बघायचं राहिलं,’’ मी म्हणालो.

ते खोटं होतं. दहा मिनिटं आणि अकरा सेकंद झाली होती. मास्तरांनाही ते खोटं कळलं असणार, कारण सव्वीस वर्षांत घड्याळ बघायचं माझं कधी राहिलेलं नाही. पण कडक निवाड्याचा तो माणूस काही बोलला नाही. वहिनींनी सहाच्या सहा चकत्या उचलल्या. शेवटची टाकली तेव्हा वाटीतून काही आवाजही आला नाही. पुठ्ठाच तो.

इरफान पुढे सरकला. ‘‘चाची, अब तो तुम्हारे पास पाँच सौ हैं. एक हीरा ले लो ना. मेरा शमशेर अभी तक मरा पड़ा है.’’

वहिनींनी भरलेल्या वाटीवर उजवा हात पालथा ठेवला. ‘‘न्हाय,’’ म्हणाल्या. स्वच्छ. मृण्मयी हसली, इरफाननं कपाळाला हात लावला, मास्तरसुद्धा तोंड फिरवून हसले.

मग तो हात वाटीवरून उचलला गेला आणि माझ्या दिशेनं वर झाला. आधी अंगठा उघडला, मग एकेक बोट. वहिनी माझ्याकडे बघत होत्या आणि हात मला दाखवत होत्या. करंगळी पूर्ण उघडली नाही. साडेचार म्हणता येतील. हात बरा झाला असं त्या सांगत होत्या, की माझी ती पाच बोटं मला परत करत होत्या, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. हात खाली घेतला आणि पुन्हा वाटीवर ठेवला.

सोमवारी सकाळी गाडी आली. मास्तर पुढे बसले, वहिनी मागे. वाटी त्यांच्या मांडीवर होती, वर ताटली आणि ताटलीवरून फडकं बांधलेलं. चकत्या सांडू नयेत म्हणून त्यांनी ती खोक्यात टाकू दिली नाही. मास्तरांनी काच खाली केली. ‘‘येतो साहेब. बसा कधीतरी गप दहा मिनिटं. कुणी हाक मारली तर उठा की पर.’’ गाडी सात वाजून पंचवीस मिनिटांनी सुटली.

वहीतली शेवटची नोंद मास्तरांनी आदल्या संध्याकाळी आमच्यासमोर लिहिली होती. ती आहे तशी देतो. ‘चैत्र, रविवार. हजर: सगळे. दिले पाचशे. राजेश्वरीस, तिच्या हातात. शमशेर मेलेला आहे.’ वेळेच्या रकान्यात त्यांनी काही लिहिलेलं नाही. तो मी भरायचा म्हणून तसाच सोडला असावा. मी अजून भरलेला नाही.